टेपचं दुमडलेलं टोक

उड्डाणपुलाखालच्या सिग्नलला गाडी थांबली आणि वळायचा दिवा टिकटिक करता करता मंदावला. आधी तिला वाटलं, आपल्यालाच तसं ऐकू येतंय. साठी लागली की माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास थोडा कमी होतोच. पण दोन टिकांमधली जागा खरोखरच लांबत चालली होती. एक टिक आली, बरीच वाट पाहायला लावून दुसरी आली, आणि तिसरी आलीच नाही. इंजिनानं एकदा अंग झटकलं आणि ते गप्प झालं. वर पुलावरून गाड्या जातच होत्या, त्यांची घरघर सिमेंटच्या खांबांतून खाली उतरत होती, मागे कुणीतरी हॉर्न धरून ठेवला होता, आणि या सगळ्या कल्लोळाच्या मधोमध तिची गाडी इतकी शांत झाली होती की तिला मनगटावरच्या घड्याळाचा आवाज ऐकू आला. तिनं किल्ली फिरवली. आत काहीतरी खट् वाजलं, तेवढंच. समोरचा सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की हे घरी कळता कामा नये.

एक टॅक्सीवाला उतरला. शिव्या द्यायलाच उतरला असणार, पण स्टिअरिंगमागे पांढऱ्या केसांची बाई बघून त्यानं त्या गिळल्या, आपल्या डिकीतून तारा काढल्या आणि आपल्या बॅटरीवर तिची गाडी चालू करून दिली. "बाई, चार्ज होत नाहीये तुमची बॅटरी. घरी पोचेपर्यंत बंद करू नका," तो म्हणाला. "लाल दिवा लागला नव्हता का पुढे?" ती म्हणाली, "नाही हो, काही म्हणता काही लागलं नव्हतं. न कुरकुरता गेली बिचारी." हे सांगताना तिला गाडीचं थोडं कौतुकच वाटलं. टॅक्सीवाला तारा गुंडाळत म्हणाला, "न कुरकुरता जाणारेच घात करतात बाई." तो बोलून निघूनही गेला, पण ती मात्र घरापर्यंत ते वाक्य शेजारच्या सीटवर बसवून घेऊन आली. कारण ती जिथून परत येत होती ते घर अशाच एका न कुरकुरता गेलेल्या माणसाचं होतं. तिचे मोठे दीर झोपेत गेले होते, आणि तिच्या नवऱ्याला ते अजून माहीत नव्हतं.

नवऱ्याला सगळी आळी मोजणीदार म्हणायची. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीचे दगड रोवले, दोन भावांच्या भांडणात साखळी धरून उभे राहिले, म्हणून मोजणीदार. तीही मनातल्या मनात त्यांना मोजणीदारच म्हणे, तोंडावर 'अहो'. छातीची शस्त्रक्रिया होऊन ते घरी आले आणि त्याच आठवड्यात थोरले गेले. सर्जन म्हणाले होते, काही आठवडे जपा, धक्का बसता कामा नये. दूरच्या शहरातल्या मुलीनं फोनवरून त्या वाक्याचा कायदा केला. "आई, बाबांच्या कानावर काही म्हणजे काही घालायचं नाही हं." काही आठवडे केव्हाच उलटले, पण कायदा रद्द करायला कुणी पुढे झालं नाही, एकदा लपवलं की रोजच्या रोज लपवणं सोपं होत जातं आणि सांगणं अवघड. दिरांच्या शेवटच्या दर्शनाला ती गेली ती डोळ्यांचा नंबर तपासून येते असं सांगून. परतताना खोटं उघडं पडू नये म्हणून तिला खरोखरच चष्म्याच्या दुकानात शिरावं लागलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी तिनं फळ्यावरची अक्षरं वाचली, आणि नवा चष्मा लावून घरी आली. मोजणीदारांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "बरा दिसतोय." त्या चष्म्यातून तिला अजूनही नीट दिसत नव्हतं. पायरी होती त्यापेक्षा जरा जवळ वाटायची.

दर रविवारी सकाळी थोरल्यांचा फोन यायचा. दोघे भाऊ फोनवरून बुद्धिबळ खेळत, इकडे एक पट आणि तिकडे एक पट मांडून. एका रविवारी याची खेळी, पुढच्या रविवारी त्याची. डाव वर्ष-वर्ष चालायचा आणि त्यात बुद्धिबळ कमी आणि एकमेकांची उणीदुणी जास्त. आता तो पट खिडकीशी तिपाईवर होता, अर्धा डाव मांडलेला, आणि खेळी थोरल्यांची होती. ती रोज सोंगट्या न हलवता त्यांच्या भोवतीची धूळ पुसायची. फोन येईना तेव्हा मुलीनं निमित्त शोधून काढलं, की काकांच्या कानाला त्रास झालाय, फोनवर ऐकू येत नाही. मोजणीदार म्हणाले, "ऐकू येत नसेल, बोलता तर येतंय ना? नुसतं 'घोडा इथं' म्हणायला कान कशाला लागतात?" ती म्हणाली, "बरं नसेल त्यांना." पुढच्या रविवारी ते म्हणाले, "मी मरता मरता वाचलो, आणि दादा भेटायलासुद्धा आला नाही. रुसलाय." त्याच्या पुढच्या रविवारी काहीच म्हणाले नाहीत. मग हळूहळू इतर वारीही काही म्हणेनासे झाले. जेवायला वाढलं की जेवायचे, फिरायला चला म्हटलं की दारापर्यंत चालायचे, पुन्हा खिडकीशेजारच्या खुर्चीत. तपासणीत सगळं उत्तम. सर्जन तर म्हणाले, हृदय नव्यासारखं चालतंय. चालत होतंच. पण एके काळी ज्या माणसाच्या थट्टेनं पाहुणे उठायचं नाव घेत नसत, त्या माणसाच्या दोन शब्दांमधली जागा लांबत चालली होती, आणि ती स्वयंपाकघरातून कान देऊन पुढच्या शब्दाची वाट पाहायची. सांगितलं तर जातील. नाही सांगितलं तर जातच आहेत. हे दोन्ही तिला स्पष्ट दिसत होतं, आणि दोन्हींच्या मध्ये ती रोज दोन वेळचा स्वयंपाक करत होती.

गाडी बंद पडायची ही काही पहिली खेप नव्हती. याआधीही तिनं शेडमध्ये पोत्याआड चार्जर लपवून बॅटरी भरून घेतली होती आणि नशिबावर हवाला ठेवला होता. गाडी ही मोजणीदारांची खास वस्तू; आजारपणापर्यंत त्यांनी तिला कुणाचा हात लागू दिला नव्हता. तिला चालवता येत होती, पण संसारात एकच माणूस गाडी चालवतो तशी ते चालवायचे आणि ती बाजूला बसायची. गाडी बिघडली असं सांगावं, तर तेही धक्क्यातच जमा. म्हणून दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, मोजणीदारांचे डोळे मिटले, तशी ती कपाटातून वीज मोजायचा आपला मीटर घेऊन मागच्या दारानं शेडमध्ये गेली. हा मीटर तिला निवृत्तीच्या दिवशी मिळाला होता. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिनं आयुष्य काढलं ते लाइनी तपासण्यात. तिथं तिला टेस्टरबाई म्हणत. निरोपाला काय देऊ विचारलं तेव्हा टेस्टरबाई म्हणाली, घड्याळ नको, घड्याळ काय करायचंय आता, माझा मीटर द्या. सगळे हसले होते. मीटरच्या लाल-काळ्या वायरी हातात आल्या आणि तिला स्वतःचे हात ओळखीचे वाटले. फार दिवसांनी काहीतरी असं समोर होतं, की ज्याला विचारलं तर ते खरं सांगणार होतं.

एक्स्चेंजमध्ये तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं: लाइन मेली तर टोकापासून शोधत बसायचं नाही, निम्म्यात बघायचं. मधोमध तपासा, म्हणजे दोष अलीकडे की पलीकडे ते कळतं. मग उरलेल्याचं निम्मं. असं करत करत एवढ्या मोठ्या शहरातल्या एका खांबावरचा एक गंजलेला सांधा ती खुर्चीतून न उठता सांगायची. तिनं बॉनेट उघडलं. इंजिनाचा पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, घट्ट होता. रात्री पुन्हा चार्जर लावून ठेवला होता, त्यावर गाडी चालू केली आणि बॅटरीवर मीटर लावला: बारा व्होल्ट, आणि आकडा खाली उतरत होता. गाडीच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तो चौदाच्या आसपास हवा होता. म्हणजे बॅटरी नुसती देत होती, तिला कुणी परत देत नव्हतं. आता निम्म्यात. पट्ट्यानं फिरणारा तो भोपळ्याएवढा अल्टरनेटर, वीज करायचं काम त्याचं. त्याच्या पाठीवरच्या जाड वायरीवर तिनं मीटर लावला. तिथंही बारा. म्हणजे मधली वायर चांगली, दोष पलीकडे. अल्टरनेटर फिरत होता, तोंडानं आवाजही करत होता, पण आत काही घडत नव्हतं. ती बॉनेटला हात टेकून उभी राहिली. शेडच्या पत्र्यातून उन्हाचे ठिपके इंजिनावर पडले होते. तिनं शेडच्या फटीतून घराच्या खिडकीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

गॅरेजवाल्याला तिनं फोन केला, आवाज दाबून. हा मोजणीदारांचा जुना माणूस. दोघे तासन्‌तास गाड्यांवर बोलायचे आणि शेवटी काम मोजणीदार स्वतःच करायचे, म्हणून त्याचा त्यांच्यावर जीव होता. तो म्हणाला, "ताई, अल्टरनेटर गेला. माणूस पाठवतो, ओढून आणू." ओढून न्यायचं म्हणजे समोरच्या रस्त्यानं, खिडकीसमोरून. ती म्हणाली, "बघते, कळवते," आणि गाडी बंद करायला दार उघडून आत वाकली. वाकताना चप्पल सटकली आणि पाय ॲक्सिलरेटरवर पडला. गाडी अशी काही डरकाळली की वळचणीची कबुतरं उडाली. ती घाबरून मागे झाली, छातीवर हात ठेवून घराची चाहूल घेत राहिली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही. मग ती मीटर काढायला पुढे गेली आणि काढता काढता थांबली. आकडा चौदाच्या वर होता. इंजिन पुन्हा पूर्वीसारखंच सावकाश चालत होतं, तरी आकडा तिथंच होता, जरासुद्धा न हलता. तिनं काहीच दुरुस्त केलं नव्हतं. तिनं गाडी बंद केली, पुन्हा चालू केली: बारा. पाय दिला, डरकाळी: चौदा. पुन्हा केलं. पुन्हा तेच. एवढी वर्षं विजेच्या नादात घालवली, पण मेलेली लाइन हाक मारल्यावर उठून बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

तिनं पुन्हा फोन लावला. "रेस दिली की उठते?" गॅरेजवाल्याचा आवाज बदलला. "मग अल्टरनेटर ठणठणीत आहे ताई, हात लावू नका त्याला. त्याला सुरुवात मिळत नाहीये. हे बघा, तो वीज करतो खरा, पण पहिला घोट त्याला बाहेरून पाजावा लागतो. एक बारीक वायर असते, ती पुढच्या लाल दिव्यातून येते. बॅटरीचं चित्र असलेला दिवा. किल्ली फिरवली की लागतो, गाडी चालू झाली की विझतो." "तो तर नुसता इशारा द्यायला असतो ना?" तिनं विचारलं. "लोकांना तसंच वाटतं. या जुन्या गाड्यांत तो इशारा देता देता पाजतोसुद्धा. दिवा नाही तर करंट नाही." "मग रेस दिल्यावर कसा उठतो?" "लोखंड असतं ना आत, त्यात मागच्या चालण्याचं थोडं चुंबक उरलेलं असतं. पार जात नाही ते. जोरात फिरवलं तर तेवढ्यावर उठतं बिचारं. दिवा लागतो का बघा तुमचा." ती गाडीत बसली, किल्ली अर्धी फिरवली. तेलाचा दिवा लागला, आणखी एक पिवळा लागला. बॅटरीच्या चित्राच्या जागी काळोख होता. आणि तिच्या लक्षात आलं, की तो दिवा आपण शेवटचा कधी पाहिला ते आपल्याला आठवतच नाही.

आता निम्म्यात बघायचं उरलंच नव्हतं. दोष कुठं आहे ते ठाऊक होतं, हात पोचायचा अवकाश. तिनं वेगाच्या काट्याच्या चौकटीचे स्क्रू सोडवले, चौकट पुढे ओढली आणि मोबाईलच्या उजेडात मागे पाहिलं. धूळ, वायरींचा गुंता, छोट्या दिव्यांची गोल बुडं ओळीनं बसलेली. त्यांतल्या एका बुडावर काळी टेप होती. टेप सुबक गुंडाळलेली होती आणि तिचं शेवटचं टोक चिमटीएवढं आत दुमडलेलं होतं. ती बघतच राहिली. घरातल्या टेपच्या प्रत्येक रिळाला, औषधाच्या बाटलीला लावलेल्या चिठ्ठीला, फुटलेल्या बादलीच्या कडीला असं दुमडलेलं टोक होतं. "पुढच्या माणसाच्या नखाला सापडलं पाहिजे," मोजणीदार म्हणायचे. पहिल्या पहिल्यांदा ती हसायची, पुढचा माणूस म्हणजे मीच ना? तिनं त्या टोकाला नख लावलं. टेप सुटत गेली. आतलं बूड रिकामं होतं. जळलेला नाही, फुटलेला नाही. दिवाच काढून घेतलेला. आणि टेपच्या शेवटच्या वेढ्यात, कापसात गुंडाळून, वाटाण्याएवढा काचेचा दिवा.

मुलगी लहान असताना एकदा घाटात पट्टा तुटला होता. मुलीला ताप, डॉक्टर डोंगरापलीकडे, आणि पुढ्यात तो लाल दिवा पेटला, मग उजेड पिवळा होत होत गेला, मग गाडीच गेली. कुणीतरी ट्रकवाला भेटेपर्यंत ती तापलेलं पोर उराशी धरून अंधारात बसली होती. मुलगी बरी झाली, विसरूनही गेली. पण आईच्या मनात तो दिवा राहिला. पुढे कितीतरी वर्षं मोजणीदारांनी किल्ली फिरवली आणि तो लाल ठिपका उजळला, की तिचा हात आपोआप त्यांच्या दंडावर जायचा. "विझला?" "अगं, विझेल." "विझला का?" "विझला." मग हात निघायचा. आणि मग कधीतरी ते थांबलं. कधी, ते तिला सांगता आलं नसतं. एक दिवस तिला जाणवलं, की आपल्याला भीती वाटत नाही. तिला याचा केवढा अभिमान होता! एक्स्चेंजमधल्या मुलींना ती सांगायची, भीती अशीच जाते गं, तिच्यासमोर बसून राहायचं, एक दिवस ती कंटाळून उठून जाते. मुलीच्या पहिल्या बाळंतपणात हेच सांगितलं. मोजणीदारांना शस्त्रक्रियेला आत नेलं तेव्हा बाकावर बसून स्वतःला हेच सांगितलं. आणि ती भीती बसली होती इथं, या चौकटीमागे, कापसात गुंडाळून. भीती गेली नव्हती. कुणीतरी तिची वायर सोडवून ठेवली होती, आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तिला राग यायला हवा होता, थोडा आलाही. पण त्याच्यामागून जे आलं ते एवढं मोठं होतं की राग त्यात कुठल्या कुठे वाहून गेला.

कारण तिला ती डरकाळी आठवली. रोज, गाडी चालू केल्या केल्या, मोजणीदार पाय दाबून गाडीला एक जोराची रेस द्यायचे. पहाटे निघायचं असलं तरी. ती चिडायची, "अहो, शेजारपाजार उठेल!" ते म्हणायचे, "तिला जाग आणतोय." सगळी आळी त्या आवाजावर विनोद करायची, मोजणीदार निघाले, भोंगा झाला. तिला वाटायचं हा पुरुषांचा पोरकटपणा. स्टिअरिंगमागे बसलेल्या प्रत्येक पुरुषात एक पोरगा असतोच. पण मोजणीदार कुठलीही गोष्ट कारणाशिवाय करणारे नव्हते, हे तिला माहीत असायला हवं होतं. दिवा काढला, म्हणजे पहिला घोट पाजणारं कुणी उरलं नाही. मग तो घोट दर वेळी स्वतःच्या पायानं पाजत राहिले, वर्षानुवर्षं, लोकांचं हसू अंगावर घेऊन. का, तर शेजारी बसलेल्या बाईचा हात गार पडू नये. आणि आता ती चालवत होती, हळू, कुणाला त्रास न देता, शहाण्यासारखी. म्हणून बॅटरी उतरत होती. गाडीत बिघाड नव्हताच. गाडीतून एक माणूस उठून गेला होता, एवढंच झालं होतं. ती स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसली. शेजारी बसून आपण काय बघत होतो एवढी वर्षं? रस्ता. झाडं. त्यांच्या पायाकडे एकदाही पाहिलं नाही. हृदयाच्या शिरा मोजून दाखवणाऱ्या डॉक्टरांपुढे तिनं हात जोडले होते, पण एवढ्या जवळचं एवढं खोल तिनं आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायला तिला बॉनेट उघडावं लागलं होतं.

तिनं मीटरची दोन टोकं त्या इवल्या दिव्याला लावली. मीटर चिवचिवला. आतली केसासारखी तार शाबूत होती. तिनं दिवा बसवला, चौकट नुसती टेकवून ठेवली आणि किल्ली अर्धी फिरवली. लाल ठिपका उजळला. एवढ्या वर्षांनी, अगदी तसाच. आणि पोटातून ती ओळखीची गार लाट वर आली; घाट, तापलेलं पोर, अंधार, सगळं. तिचा हात शेजारच्या सीटवर गेला आणि रिकाम्या रेक्झिनवर पडला. हो, भीती होती, चांगली जिवंत होती. तिनं किल्ली पुढे फिरवली. इंजिन लागलं, दिवा क्षणभर राहिला आणि विझला. उतरून तिनं मीटर पाहिला. चौदाच्या वर. रेस न देता. ती पदराला हात पुसत उभी राहिली, आणि आता शेडमध्ये करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

मोजणीदार जागे होते. खिडकीशी, पटाजवळ. ती समोर जाऊन उभी राहिली, हात पुढे केला. तळव्यावर काळ्या टेपचा तुकडा होता. त्यांनी तिच्या तोंडाकडे नाही, टेपकडे पाहिलं. मग त्यांचं नख पुढे आलं आणि दुमडलेलं टोक त्याला आपोआप सापडलं.

"गाडीतली," ते म्हणाले.

"दिवा तुम्ही काढलात?"

"हो."

"का पण?"

"हात ठेवायचीस ना तू. इथं." त्यांनी दंड दाखवला. "सदऱ्यातून गार लागायचा."

"आणि त्यानं बॅटरी भरत नाही, हे माहीत होतं तुम्हाला?"

"आधी नव्हतं. दोनदा बंद पडली, तेव्हा कळलं. मग रेस द्यायला लागलो."

"दिवा परत लावायचा की!"

"रेस देणं सोपं होतं." एवढं बोलून ते थांबले, आणि तिला वाटलं झालं, संपलं. पण मोजणीदारांच्या कपाळावर एक आठी उमटत होती, फार दिवसांनी, जमिनीच्या नकाशात चूक दिसली की उमटायची ती. "म्हणजे गाडी बंद पडतेय. तू चालवतेस, रेस देत नाहीस. कुठं बंद पडली?"

"पुलाखाली. काल."

"आणि मला सांगितलं नाहीस."

त्यांची नजर टेपवरून पटाकडे गेली, तिथून तिच्या नव्या चष्म्याकडे आली आणि तिथंच थांबली.

"आणखी काय काय काढून ठेवलंयस गं?"

इतक्या दिवसांत तिनं या प्रसंगासाठी कितीतरी वाक्यं जुळवली होती, चढत्या पायरीनं, आधी 'बरं नाही', मग 'फार बरं नाही'. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. "भाऊजी गेले," ती म्हणाली. "तुम्ही घरी आलात त्याच आठवड्यात. झोपेत गेले. त्रास झाला नाही काही." आणि तिचा हात त्यांच्या दंडावर गेला. हात गार होता, तिलाच कळत होतं. बोटांखाली त्यांची नाडी कुठंतरी उडत होती आणि ती मनात म्हणत होती, आता थांबेल, आता. कायदा मोडला होता, मुलगी दूर होती, सर्जन दूर होते. नाडी थांबली नाही. ती जोरात झाली, अडखळली, पुन्हा सावरली. मोजणीदारांचा चेहरा हळूहळू वाकडा झाला, लहान मुलाचा होतो तसा, आणि ते रडले. शस्त्रक्रियेनंतर खोकतानाही छातीला उशी धरायचे ते, पण आता उशी मागितली नाही. ती उभी राहून दंड धरून होती आणि तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटत असतानाच मनाच्या अगदी आत असंही वाटत होतं, की हा आवाज, हा नको असलेला आवाज, या घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी जिवंत असल्याचा आहे.

"म्हणजे," पुष्कळ वेळानं ते म्हणाले, "रुसला नव्हता तो."

"नाही हो. तुम्हाला बघायला यायचं म्हणून बॅग भरली होती त्यांनी. जाऊबाईंनी सांगितलं."

त्यांनी पटावरचा थोरल्यांचा घोडा उचलला, बोटांत फिरवला, होता तिथंच ठेवला. "वहिनी एकटीच असेल."

"एकट्याच. मी जाते अधूनमधून."

"चष्म्याच्या दुकानात." त्यांनी डोळे पुसले. आवाजात कुठंतरी जुना मोजणीदार होता, फार लांब, पण होता. "चपला दे माझ्या."

शेडपर्यंत ते तिचा हात धरून आले. गाडीजवळ आल्यावर सवयीनं स्टिअरिंगच्या बाजूला गेले, थांबले, वळले आणि शेजारच्या सीटवर बसले. तिथून गाडी कशी दिसते ते त्यांना नवीनच होतं. नुसत्या टेकवलेल्या चौकटीकडे पाहून त्यांनी नापसंतीनं 'च्' केलं. तिनं किल्ली अर्धी फिरवली. लाल ठिपका उजळला. दोघं त्याच्याकडे बघत राहिली.

"भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मलाही," मोजणीदार म्हणाले, आणि त्यांचा हात तिच्या दंडावर आला.

तिनं गाडी चालू केली. दिवा विझला. आणि तेव्हा पहिल्यांदाच तिनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. शेजारच्या सीटपुढे, जिथं नुसती रबराची चटई होती, तिथं मोजणीदारांचा उजवा पाय टाचेवर टेकून पुढे झुकला होता आणि सगळा जोर लावून चटई दाबून धरत होता.

"अहो, काढा तो पाय," ती म्हणाली. "उठलीय ती."